अपडेट अडकलं, आणि आईचे व्हिडिओ आत

गोठा, इन्व्हर्टर आणि हा कॉम्प्युटर, तिन्ही मी स्वतः उभे केले. कोर्स कुठलाच नाही.

सकाळी अपडेट फेल झालं. सी ड्राइव्ह मीच मोजूनमापून लहान ठेवलेला, तो आईच्या व्हिडिओंनी भरला. धार काढताना ती म्हशीशी गप्पा मारायची, ते व्हिडिओ. आई आता नाही. दुसरी कॉपीही नाही.

तेव्हापासून स्क्रीनवर "बदल मागे घेत आहोत" एवढंच फिरतंय. बंद करायला हात धजत नाही.

बायको म्हणाली, "सगळं सोता केलंय म्हनता, मग आता घाम का फुटलाय?"

कुणाचं असं अडकून आपोआप सुटलंय का? सांगा.

महाडचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दुकानदार फोनवर म्हणाला, "दादा, घेऊन या, पाचशेत फॉरमॅट मारून देतो." म्हणजे आईसकट सगळं पुसणार, तेही पाचशे रुपयांत. नको म्हणालो.