स्पीडब्रेकरपाशी थांबलेली गाडी

नवी, उंच गाडी घ्यायची म्हणून माझी बुटकी लाल स्पोर्ट्स कार काल विकायला काढली. घ्यायला आलेल्या माणसानं दार उघडलं, तापलेल्या रेक्झिनचा वास आला आणि वडवणीच्या बाजाराची एक जुनी दुपार हळूहळू भोवती पसरली.

त्या दुपारी बाजारातला स्पीडब्रेकर दिसताच शेजारी बसलेले अण्णा, माझे वडील, म्हणाले, "थांब, मी उतरतो. पोट घासंल तिचं." धोतर सावरत ते उन्हातून पलीकडं गेले, वाकून गाडीखाली बघत राहिले. "न्हाई लागलं, ये," म्हणाले आणि पुन्हा आत बसले. बाजाराची माणसं हसली. मला लई लाज वाटली.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी काल घ्यायला आलेल्या माणसाला गाडी चालवून दाखवताना त्याच स्पीडब्रेकरला मी ती थांबवली.

"कावून थांबलात?" शेजारी बसलेल्या त्या माणसानं विचारलं.

मी डाव्या दाराकडं बघत होतो. तो काही उतरला नाही. विकायचा विचार सोडून मी गाडी घराकडं वळवली.