कुरणाशिवाय गाय

इराची गाय उंटासारखी चालत होती. नेदरलँड्समधल्या कला-महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तिला प्राण्याचं एक चित्र पाठवायचं होतं. तिने जुन्या डच चित्रांसारखं ओलं, हिरवं कुरण काढलं आणि त्यातून जाणारी गाय. तिच्या एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे. दुबईत वाढलेल्या माझ्या मुलीने नीट चालताना पाहिलेला मोठा प्राणी म्हणजे उंटच.

"गाय अशी चालत नाही," मी म्हणाले.

"देन हाउ?"

मला सांगता येईना. माझ्या नवऱ्याला, शिरीषलाही नाही. पुण्यात आम्ही गाईंना रोज वाट करून दिली, पण पाहिलं मात्र कधी नव्हतं.

म्हणून शनिवारी बर दुबईतल्या घरून निघालो. अबुधाबी दीड तासावर. रस्ता चांगला आणि कंटाळवाणा. तिथल्या कला-संग्रहालयात जुनी डच चित्रं आहेत; तिकीट साठ दिरहम, अठराच्या आतल्यांना फुकट. "म्हणजे पंधराशे रुपये, गाई बघायला!" शिरीष म्हणाला. आत पेन्सिल चालते, रंग नाहीत. डच दालनात ढगांखाली चरणाऱ्या गाई होत्या. नाकपुडीवरचा ओलावासुद्धा दिसत होता. पाय मात्र गुडघ्यापर्यंत गवतात.

"चित्रकारालाही जमले नसणार," शिरीष म्हणाला.

"बाबा, स्टॉप."

मुक्कामाला अल ऐन, आणखी दीड तास. तिथल्या गुरांच्या बाजारात सकाळी लवकर जा; नंतर ऊन सोसत नाही. पत्र्याखाली गाई बांधलेल्या, पुढ्यात आणून टाकलेला चारा.

"मॅडम, बकरी लेनी है?" एका विक्रेत्याने विचारलं.

"नहीं, गाय का चलना देखना है."

तो शेजाऱ्याकडे वळून ओरडला, "सुनो भाई, इनको गाय नहीं, खाली चाल लेनी है!"

तेवढ्यात विकली गेलेली एक गाय पिकअपकडे नेऊ लागले. "यल्ला, यल्ला!" ती अडली, मग निघाली, चारही पाय वेगवेगळ्या वेळी पडत होते. इराने पानामागून पान भरलं.

घरी आल्यावर तिने नवं चित्र काढलं. दोरी, पिकअपची फळी, खाली सिमेंट.

"कुरण राहू दे ना. त्यांना ते ओळखीचं वाटेल," मी म्हणाले.

"आई, देअर वॉज नो ग्रास."

प्रवेश मिळावा म्हणून मी कुरण सुचवलं, की ती मला कुरणांच्या देशात आधीच रमलेली दिसावी म्हणून, हे अजून ठरत नाही. तिने सिमेंटवरची गाय पाठवली. उत्तर आलेलं नाही. मला अजूनही कुरणवालंच चित्र जास्त आवडतं. तिला ते सांगितलेलं नाही.