गंजलेला पंजा

माणूस स्वतःच्या हातांनी स्वतःचं वाटोळं करतो म्हणतात ना, मी ते अक्षरशः केलं. हसा, हसायचंच आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. सुटे भाग मोजायला गुळगुळीत पोलादी गेज असतात, ते दिवसभर हाताळायचे. आणि माझ्या तळहातांना असा घाम, की पेनसुद्धा सटकायचं! घामानं गेज गंजतात, म्हणून मी सारखा रुमाल घेऊन बसलेला. त्यात खात्याचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांची जागा मला, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या सोपानला मिळणार. सोपान नांदगावचा, अबोल माणूस.

मी रविवार कारंज्यावरच्या दुकानातून घाम थांबवणाऱ्या औषधाची बाटली आणली. कसं लावायचं ते कोण वाचतं? रोज सकाळी कामावर हात धुतले, की ओल्यावरच चोळायचं आणि थेट गेज उचलायचे. तासभर हात कोरडे वाटायचे. रुमाल घरी राहिला.

दोन आठवड्यांत गेजवर तांबूस डाग, बोटांच्या आकाराचे. प्रमुख साहेबांनी विचारलं, कुणाचे हात? मी म्हणालो, मी तर औषध लावतो, सोपानचे बघा. वर शहाणपणा करून सुचवलं, की दोघांनी चकचकीत लोखंडी पत्र्यावर पंजे टेकवू, दोन दिवसांत कळेल.

कळलं. सोपानचा पत्रा आरशासारखा. माझ्या पत्र्यावर पाचही बोटं गंजानं उमटलेली, रेषांसकट.

त्वचेच्या डॉक्टरांना बाटली दाखवली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. रात्री झोपताना कोरड्या कातडीला लावला, तर तो घामाच्या छिद्रांत शिरून बूच बसवतो. सकाळी धुऊन टाकायचा. ओल्या हातावर तो वरवरच राहतो, आणि लोखंडाला लागला की गंज चढवतो. म्हणजे घामाला जे जमलं नव्हतं, ते मी विकत आणून केलं होतं!

सोपान प्रमुख झाला. मला खोकी बांधायला पाठवलं. मी निघालो तेव्हा तो हळूच म्हणाला, "डाग तुझेच हायेत, मला आधीच कळलं व्हतं. साहेबांनी मलाबी विचारलं. म्या नाव नाय घेतलं. तुला दोन पोरी हायेत."

औषध आता मी बरोबर लावतो. तळहात ठणठणीत कोरडे. त्या दिवशी सोपानसमोर मात्र दरदरून घाम फुटला, तो कपाळावर. तिथं काय लावायचं, हे डॉक्टरांना विचारायची अजून हिंमत झालेली नाही.