बांगड्यावरचा आळ

आईचा ओठ पहिल्यांदा सुजला तेव्हा मला दया नाही, किळस आली. खरं तेच सांगतो. खालचा ओठ फुगून हनुवटीवर लोंबत होता, लाळ गळत होती आणि ती माझ्याच टॉवेलने पुसत होती.

"पित्त उठलं, दुसरं काय! काल बांगडे हाणलेस ना?" मी खेकसलो.

आमच्या मांडवीत अंगावर काहीही उठलं की आमसुलं भिजवायची आणि ते पाणी चोळायचं. मीही चोळलं. दोन दिवसांत सूज उतरली. झालं, मला अक्कल आली! आईची मासळीच बंद करून टाकली. जन्म समुद्राकाठी गेलेली बाई भेंडीसोबत भात चिवडत बसायची.

रक्तदाबाची नवी गोळी मात्र रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घालायचो. एक दिवस खाडा नाही.

महिन्याभरात परत तेच. "मेल्या, ती गोळी सुरू झाल्यापासून होतंय हां हे," आई म्हणाली.

"तू डॉक्टर आहेस काय?"

परत आमसुलं. तोंडभर लाल चिकट ओघळ, त्यात लाळ, वर तो आंबट वास. शी! मला जेवण जाईना.

तिसऱ्या वेळी जीभच सुजली. जाड, दातांबाहेर आलेली. बोलता येईना, ती नुसती नको नको अशी मान हलवत होती. मी दोन बोटांनी ओठ फाकवून गोळी आत सारली. दुपारी श्वास घरघरायला लागला तेव्हा रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी मासळीचं नावही काढलं नाही. आधी गोळीचं पाकीट मागितलं. म्हणाल्या, "शरीरात ब्रॅडिकायनिन म्हणून एक द्रव्य तयार होतं. ते रक्तवाहिन्या रुंद करतं, त्यांतून पाणी झिरपतं, सूज येते. एरवी ते लगेच मोडून जातं. ही गोळी काहींच्या बाबतीत ते साठवून ठेवते. आता ही पुन्हा द्यायची नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर घसा बंद झाला असता."

तिसऱ्या दिवशी आईची जीभ वळायला लागली. नाडी बघणाऱ्या नर्सला ती कौतुकाने सांगत होती, "माझा मुलगा फार जपतो हो मला. गोळी कधी चुकवली नाही त्यानं."

मी बाहेर आलो आणि बेसिनवर ती दोन बोटं साबणाने धूत राहिलो.