चौकीपर्यंत धरलेला हात

गाडीला कितीही गर्दी असो, तिच्या शेजारची जागा रिकामीच असायची. त्यामुळे टोकियोजवळच्या ग्योतोकु स्टेशनला चढले की ती मला मिळायची. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पन्नाशीची काळी अमेरिकन बाई, कुठेतरी इंग्रजी शिकवायला जायची. उतरण्याआधी ती पर्समधून परदेशी लोकांचं ओळखपत्र काढून मुठीत धरायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची.

तरुणपणी ती तिच्या देशात काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चांत चालली होती. समोर पोलिसांच्या लाठ्या, कुत्री.

"एकमेकींचे हात धरून चालायचो. लोक फोटो बघून म्हणतात, काय ही एकी! अगं, हात थरथरायचे म्हणून धरायचो."

"आणि प्रार्थना?"

"भीती घालव, असं नाही मागत मी. पाय थांबू देऊ नकोस, एवढंच."

मला तो तिचा विनय वाटला.

एका सकाळी स्टेशनबाहेर पोलिसाने मला अडवलं. माझं ओळखपत्र घरी, दुसऱ्या पर्समध्ये राहिलं होतं. ते जवळ नसणं म्हणजे गुन्हा. ती पुढे गेली होती. मागे वळली, पोलिसाच्या कमरेच्या दांडक्याकडे बघत क्षणभर थांबली आणि येऊन तिने माझा हात धरला. "मीपण येते," ती त्याला जपानीत म्हणाली.

नवरा ओळखपत्र घेऊन येईपर्यंत चौकीत तिने हात सोडला नाही. थरथर माझ्याच हाताची, असं मला वाटत होतं. शेवटी सही करायला मी तो सोडवून घेतला. माझी सही सरळ आली. तिचा हात मांडीवर तसाच थरथरत होता.