टँकरपाशी मी काय बोलले

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तोंड माझं फटकळ — भोकरची लेक, हिच्या पोटात काही राहत नाही, असं सासूबाई म्हणायच्या. पण हे राहिलं. कसं राहिलं, देव जाणे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. ह्यांची बदली नव्या कचेरीत झाली अन् आम्ही इथं भाड्यानं राहायला आलो. आल्या आल्या दुष्काळ. नळ कोरडे, गल्लीत टँकर यायचा. खेड्यांतली कुत्री पाण्यासाठी शहरात शिरायला लागली — बरगड्या वर आलेली, टोळक्यानं हिंडणारी. त्यात एखादं पिसाळलेलं असेल, ह्या भ्यानं माणसं दारं लावून घ्यायची. नगरपालिकेची माणसं लोखंडी चिमटे घेऊन फिरायची. त्यांनी धरून नेलेलं कुत्रं परत यायचं नाही.

अन् अशात मी कुत्रं पाळलं! टायगर. वर्षाचाही नव्हता. घरात गरीब गाय, पण रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं की अंगात आल्यासारखा करायचा. दोरीनं माझे हात सोलून निघायचे. आवरत नाही तर पाळलं कशाला, असं गल्लीतलं ऐकून घ्यावं लागायचं.

मदतीला आल्या त्या कांबळेबाई. शाळेत शिक्षिका, एकट्याच, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायच्या. त्यांचा काळू काळा कुळकुळीत अन् थंड डोक्याचा. रोज सकाळी ती दोघं रस्त्याच्या त्या कडेनं, आम्ही या कडेनं. काळूकडं बघूनही टायगर शांत राहिला की भाकरीचा तुकडा. ओढाताण केली की जागीच उभं राहायचं. मधलं अंतर हळूहळू कमी केलं. उन्हाळा लागेस्तोवर दोघं अंगाला अंग लावून चालायला लागले, बगा! मला लई गुमान चढला. बायका विचारायच्या, कसं काय जमलं? मी म्हणायची, मी शिकवलं. कांबळेबाईंचं नाव — घेतलंच नाही कधी. का घेतलं नाही? तुम्हाला कळलंच असेल.

त्या दिवशी फिरून येताना टँकर लवकर आलेला दिसला. कांबळेबाई म्हणाल्या, "ताई, काळूला धरा जरा, मी घागर घिऊन येते." दोन्ही दोऱ्या माझ्या हातात देऊन त्या गेल्या.

माझी घागर दारातच होती, ती रांगेत लावली. माझा नंबर आला. घागर भरली. उचलायला दोन हात लागतात — मी दोऱ्या सोडल्या. दोघंही शांतच होते की! तेवढ्यात सांडलेल्या पाण्यावर ते टोळकं धावून आलं. धूळ, भुंकणं, भांड्यांचा आवाज, बायकांची पळापळ. अन् घरमालकाच्या सुनेची किंकाळी. पोटरी फाटलेली, रक्ताची धार.

मी पाहिलं होतं. टायगर होता. काळू माझ्या पायाशी बसलेला, जागचा हललाही नव्हता.

घरमालक ओरडत आला — कोणतं कुत्रं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अन् मी म्हणाले —

"काळं."

एवढंच. नाल्यापलीकडचं कुत्रं म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न केला नाही. करणार नाहीत, हे मला बोलायच्या आधीच माहीत होतं. घाबरून तोंडातून निसटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मी विचार करून बोलले.

चिमटेवाले आले. कांबळेबाई घागर टाकून धावत आल्या, हात जोडले — बांधून ठेवते, पिसाळलंय का बघा तरी. कुणी ऐकलं नाही. चिमटा मानेला लागला तरी काळू भुंकला नाही. माणसाला भ्यायचंच त्याला माहीत नव्हतं. एकदा माझ्याकडं बघितलं त्यानं. मी टायगरची दोरी हाताला गुंडाळत होते.

बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. उलट घरमालकाच्या सुनेला रोज दवाखान्यात घेऊन जायच्या, स्वतःच्या कुत्र्याचा गुन्हा म्हणून. अन् गल्लीतल्या बायका त्यांना नाही नाही ते ऐकवायच्या. मी तिथंच उभी असायची. मधे पडले? न्हाई.

पुढं त्यांची बदली उदगीरला झाली. जायच्या आदल्या दिवशी घरी आल्या. मी चहा केला. त्यांनी पिशवीतून काळूचा चामडी पट्टा काढला, पालिकेतून मागून आणलेला. टायगरच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमचा तरी वाचला, ताई. लई बरं झालं. ह्याला व्हईल हा."

मी पट्टा घेतला. त्यांच्यासमोरच टायगरच्या गळ्यात बांधला.