पौर्णिमेचा वरून पडलेला नारळ

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी थोरल्याची कुरकुर मी ऐकून घेतली. तिकडे परदेशात छोटं विमान चालवायला शिकण्यासाठी नाव घातलं, तर तिथल्या लोकांनी तुझा जन्मदाखला मागितला, बोटांचे ठसे घेतले आणि इथल्या पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायला सांगितलं. "आजी, मी काय चोर आहे का?" असं तू विचारलंस. मी हसले, कारण असा दाखला एकदा माझ्याच टेबलावर येऊन अडकला होता. ती हकिकत तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. फोनवर सांगितली तर मधेच तुमची शाळेची बस येईल, म्हणून लिहून पाठवते. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून इथेच राहतात.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती. मी तेव्हा विरार भागातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. जगात मोठमोठ्या घटना घडल्या होत्या आणि त्यांचे आदेश आमच्यापर्यंत येऊन पोहोचत होते. सिनेमाच्या थिएटरात शिरताना खाण्याचा डबा उघडून दाखवावा लागे. भाडेकरू ठेवायचा तर त्याची माहिती ठाण्यात द्यावी लागे. खाडीतल्या प्रत्येक होडीला नोंदणीचा नंबर हवा, नसेल ती पाण्यात उतरवायची नाही, असाही आदेश होता. मी स्वतः खाडीकाठच्या गावांत फिरून बिननंबरी होड्या वर ओढायला लावल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच होड्या भाताचे भारे आणि गवत वाहायच्या. लोक कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं.

नारळी पौर्णिमेचा दिवस. पावसाने उघडीप दिली होती. आम्ही ठाण्यात किनाऱ्यावरच्या बंदोबस्ताच्या तयारीत असताना दुपारी ठाणे अंमलदाराने मला फोनवर बोलावलं. पलीकडे बोळिंजच्या एका नव्या इमारतीतले निवृत्त गृहस्थ होते. गच्चीवरून त्यांना मिठागरं आणि त्यामागची खाडी दिसायची. ते म्हणाले, "मॅडम, छोटं विमान खाली आलं, एका बाजूला कललं आणि काहीतरी सोडून गेलं. सोनेरी होतं. मी दुर्बिणीतून बघितलंय, मोघम सांगत नाही."

अशा माणसाला लोक हसतात. मी कधी हसले नाही. दहा फोन फुकट जातात तेव्हा अकरावा कामाचा निघतो, आणि तो कुठला हे आधी कळत नाही. मी डायरीत नोंद करायला सांगितली, नियंत्रण कक्षाला वायरलेसवर कळवलं आणि ओहोटीची वाट बघत खाडीवर गेले.

बरोबरच्या हवालदाराने काठावर उभं राहून डोक्यावरची टोपी मागे सरकवली. "मॅडम, आज पौर्णिमा. अख्ख्या खाडीत नारळ पडलेत, त्यातले अर्धे सोनेरी. यातला वरचा कुठला आणि खालचा कुठला, ते कसं ओळखायचं?"

त्याचं म्हणणं खरं होतं. पाणी उतरलं तसे चिखलात जागोजागी नारळ दिसू लागले. काहींना सोनेरी कागद होता, काहींना हळदकुंकू. पण सोनेरी रंगाने रंगवलेला एक नारळ वेगळा निघाला. त्याला लाल खणाचे चारही कोपरे दोऱ्यांनी बांधले होते, म्हणजे खाली येताना कापड फुगावं आणि नारळ सावकाश उतरावा. कुणाच्या डोक्यात पडू नये याची काळजी घेणारा माणूस घातपाती कसा असेल, असं मला तिथेच वाटलं. पण वाटण्यावर पंचनामा होत नाही. दोन पंच बोलावले, पंचनामा केला. बॉम्बशोधक पथकाच्या कुत्र्याने नारळ हुंगला आणि तोंड फिरवलं. तरीही पथकाच्या प्रमुखाने क्ष-किरण यंत्राखाली तपासल्याशिवाय हमी द्यायचं नाकारलं. त्याचंही बरोबर होतं. म्हणून तो नारळ ठाण्याच्या मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यांमध्ये ठेवला आणि त्याच्यावर एक शिपाई पहाऱ्याला बसवला. त्या शिपायाला पुढे कितीतरी दिवस सगळे पुजारी म्हणायचे.

विमान कुणाचं होतं, ते शोधायला वेळ लागला नाही. पूर्वी हौशी वैमानिक सकाळी फ्लाइंग क्लबला फोन करायचा आणि दुपारी उडायचा. आता धावपट्टीच्या फाटकावर ओळखपत्र, बॅगेची झडती, कुठे जाणार, किती उंचीवरून जाणार याचा आधी दिलेला आराखडा आणि त्याला मिळालेली मंजुरी, हे सगळं झाल्याशिवाय पंखा फिरत नसे. त्यामुळे त्या वेळी आमच्या बाजूला एकच छोटं विमान होतं हे लगेच कळलं. चालवणारा तरुण आमच्याच हद्दीतल्या खाडीकाठच्या गावचा होता.

त्याचं नाव ऐकल्यावर मी टेबलावरचा गठ्ठा उलटा केला. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच सहीसाठी थांबला होता. एका विमान कंपनीत त्याची निवड व्हायची होती. शेत विकून शिकलेला मुलगा. मी काय शेरा मारते यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट, चेहरा पांढरा पडलेला. मी चौकशीत आवाज चढवत नसे. चहा सांगायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं, ही माझी पद्धत. इंजिनाने मधेच अडखळल्यासारखं केलं म्हणून खाली यावं लागलं, असं त्याने सांगितलं. मग नियंत्रणाला तसं कळवलं का, या प्रश्नावर तो इंजिनाचंच पुन्हा सांगू लागला. काही टाकलं का, या प्रश्नावर नाही म्हणाला. चहाचा कप उचलताना त्याच्या नखात सोनेरी रंगाचा कण मला दिसला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस पहिलं खोटं बोलला की दमतो. त्याला दम खायला वेळ द्यावा लागतो.

तेवढ्यात बाहेर अंमलदाराच्या टेबलाशी आवाज वाढला. दार उघडंच होतं. काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक बाई अंमलदाराला ठणकावून विचारत होती की आमचा नारळ कुठे ठेवलाय. नारळ ठाण्यात नेल्याची बातमी गावात पोचली होती, पण मुलगा आत बसलाय याची तिला कल्पना नव्हती. तो सकाळी कामाला जातो असं सांगून निघाला होता.

मी बाहेर गेले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच ना ती, आमची होडी वर काढलीस ती?"

मी हो म्हणाले.

"मंग ऐक बाय. यो नारल माजा हाय. खन माज्या चोलीचा हाय. फोडू नको त्याला, दर्याला दिलेला हाय तो."

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा दरवर्षी होडी खाडीच्या मधल्या धारेला नेऊन नारळ सोडायचा. काठावरून टाकलेला नारळ लाटेबरोबर परत येतो आणि तो दिलेला धरत नाहीत, अशी त्यांच्याकडची रीत. नवरा गेला, होडी आम्ही बंद केली. मुलगा पूर्वी सरावाला आला की घरावरून जाताना विमानाचे पंख हलवायचा, सगळा पाडा अंगणात यायचा. नव्या नियमांनी तेही थांबलं होतं. तेव्हा तिने मुलाला हुकूम केला.

"पोराला बोल्ले, तुजी होडी वरतून जाते ना, मंग तितून दे. त्यात कसला गुन्हा?"

अंमलदाराने मान खाली घालून पेन शोधायला सुरुवात केली. माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुलगा दारात येऊन उभा होता.

"मीच टाकला मॅडम," तो म्हणाला. "विमानातून काही टाकायचं नाही, हे मला पाठ आहे. परीक्षेत लिहिलंय. पण माझी आई वर्षभर त्या उपड्या होडीकडे बघत होती."

मुलाला तिथे पाहून ती बाई बाकावर बसली. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला आता कळलं. मग हळूच मला म्हणाली, "ह्याची नोकरी जाईल काय गं?"

मी तिला खोटा धीर दिला नाही. दोघांचे जबाब घेतले. इंजिनाची गोष्ट खोटी होती हेही त्याने आपल्या जबाबात सांगितलं, आणि मी लिहून घेतलं. यंत्राचा निकाल दुपारी आला: आत खोबरं आणि पाणी. माझ्या वरिष्ठांनी फोनवर अहवाल ऐकून घेतला आणि म्हणाले, "देशभर हाय अलर्ट आहे आणि तुम्ही मला नारळ लिहून पाठवताय?"

"साहेब, नारळच आहे," मी म्हणाले.

त्यांनी अहवाल पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला. नंतर म्हणाले, मग नारळच लिहा.

मी काहीही लपवलं नाही आणि काहीही फुगवलं नाही. घातपाताचा उद्देश नाही, पूर्वीचा गुन्हा नाही, नियमभंग झालेला आहे आणि तो हवाई खात्याने आपल्या नियमाप्रमाणे पाहावा, असं लिहिलं. पडताळणीच्या कागदावरही तेच लिहून सही केली. त्याचा परवाना काही महिने थांबला. ती निवड हुकली. त्या काळात तो विमानं ठेवायच्या हँगरमध्ये राबला, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या कंपनीने त्याला घेतलं. मुलाखतीत त्याने नारळाची गोष्ट स्वतःच सांगितली, असं मला नंतर कळलं.

नारळाचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. गस्तीसाठी आम्ही एक मच्छीमार होडी भाड्याने घेतलेली होती, नंबरासकट. त्या संध्याकाळच्या गस्तीला मायलेकांना मी बरोबर घेतलं. मधल्या धारेला मुलाने नारळ सोडला. बाईने हात जोडले आणि मग मला म्हणाली, "होडी चालवनारा तुमचा मानूस कच्चा हाय." ठाण्यात परतल्यावर मी डायरीत लिहिलं की गस्तीदरम्यान एक नारळ खाडीत सोडण्यात आला.

ते नियम चुकीचे होते असं मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. होड्यांना नंबर हवेच होते. पण एखादी वाट बंद करण्याआधी त्या वाटेने कोण कशासाठी जातं, हे विचारायची सवय मला त्या प्रकरणाने लावली. होड्या वर ओढताना मी लांबी-रुंदी विचारली होती, कामही विचारलं होतं, पण वर्षातून एका दिवशी ती होडी कुठे जाते ते विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी विचारलं. गावकऱ्यांनी मिळून एका होडीला नंबर घेतला आणि सगळ्या पाड्याचे नारळ तिच्यातून मधल्या धारेला जातील, बरोबर एक पोलीस असेल, असं ठरलं.

तर थोरल्या, ठसे दे, दाखला माग, आणि कुरकुर न करता रांगेत उभा राहा. तुझा कागद ज्याच्या टेबलावर जाईल, तोही बहुतेक चहा पीत सगळं नीट वाचणारा माणूस असेल.

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. खाडीकाठी इमारती आल्या, मिठागरं कमी झाली. ती बाई थकली आहे, पण खण अजून तीच निवडते. पौर्णिमेला ती एक होडी आजही मधल्या धारेला जाते, आणि तिच्यात एक पोलीस बसलेला असतो.

तुमची आजी